टाकून दिलेला शॅमेलिऑन घरी आलाय : खात नाही, एक डोळा मिटलेला (ऐरोली)

खाडीकाठची | २२ मे, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथे कुत्री, मांजरं, पोपट, कासवं सगळ्यांचे धागे आहेत, शॅमेलिऑनचा (रंग बदलणाऱ्या सरड्याचा) सापडला नाही म्हणून नवा काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणारी मुलं रविवारी फ्लॅट सोडून गेली. सोमवारी सकाळी वॉचमन काकांचा फोन : "मॅडम, कचऱ्याच्या डब्यांपाशी काचेची पेटी आहे, आत काहीतरी हिरवं जिवंत आहे. तुम्ही मांजरांचं बघता ना, जरा खाली या." तोवर तिथे आठ-दहा जण जमले होते आणि "विषारी आहे, हात लावू नका" असं एकमेकांना बजावत होते. एकाने झाडू आणलाच होता.

आधी वाटलं आपल्या जंगलातला असेल, म्हणून वनखात्याच्या हेल्पलाइनला, १९२६ ला, फोन केला. वनखात्याचे दोघं आले. डोक्यावरचा उंच टोप बघून म्हणाले, हा आपला सरडगुहिरा (देशी शॅमेलिऑन) नाही, परदेशातला आहे, कुणीतरी पाळायला आणलेला. पंचनामा झाला. सोय होईपर्यंत माझ्याकडे राहू दे असं ठरलं.

आता अवस्था सांगते. उजवा डोळा मिटलेला आणि सुजलेला, डावा मात्र चहूकडे फिरतोय. पुढचे पाय कोपरात धनुष्यासारखे वाकलेत. चालताना पोट फांदीला घासतं. समोर किडा धरला की बघतो, तोंड उघडतो, जीभ दोन बोटं बाहेर येते आणि तशीच लोंबते. मग हळूहळू आत घेतो. मला ते बघवत नाही.

वाटीत पाणी ठेवलंय, शिवतही नाही. आई दर तासाला विचारते, "खाल्लं का गं त्याने?" काल दहीभाताचं शीत बोटावर घेऊन उभी होती.

कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा. मुलीने नाव बाजीराव ठेवलंय.

फुकटचंबू | २२ मे, रात्री ११:५२

सरड्याची धाव कुंपणापर्यंत असं ऐकलं होतं, हा थेट ऐरोलीत पोचला. ह. घ्या (हलकेच घ्या). माहिती शून्य आहे, पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

आडवाट | २३ मे, सकाळी ६:१५

खाडीकाठची, घाबरू नका, पण वेळही घालवू नका. आधी एवढं सांगा : पेटी काचेची आहे, तर वर जाळी आहे का? आत दिवा कुठला होता? काय खायला देत होते याचा काही पत्ता? विष्ठेतला पांढरा भाग पांढराच आहे की पिवळा, नारिंगी? आणि मागच्या पायांच्या टाचांचा जवळून फोटो टाका.

आणि खाऊ घालायचा प्रयत्न आजपुरता थांबवा. खरंच थांबवा.

खाडीकाठची | २३ मे, सकाळी ८:०५

पेटीवर काचेचंच झाकण, दोन भोकं. आत साधा लाल बल्ब होता. एका डब्यात मीलवर्म (खायला देतात त्या अळ्या), निम्मे मेलेले. पांढरा भाग नारिंगी आहे, खडूसारखा कोरडा. फोटो खाली टाकलाय.

खाणं थांबवलं तर उपाशी मरणार नाही का हो?

आडवाट | २३ मे, सकाळी ९:२०

नाही मरणार. तहानेने मरेल. नारिंगी म्हणजे शरीरात पाणी उरलेलं नाही. पाण्याविना पोटात गेलेला किडा तिथेच सडतो, शिवाय मूत्रपिंडावर ताण. आपल्याकडे आजारी माणसाला आधी पेज देतात, पुरणपोळी नव्हे. तेच इथे.

वाटीतलं पाणी याला पाणी म्हणून कळतच नाही. पानावरून ओघळणारे, चमकणारे थेंब तो चाटतो. केमिस्टकडून सलाईनचा सेट आणा, एका बाटलीला जोडून वर टांगा, थेंब सावकाश सोडा, खाली परात ठेवा. सकाळ-संध्याकाळ बारीक फवारा पानांवर, त्याच्या तोंडावर नको. पिचकारीने तोंडात पाणी ओतू नका : यांची श्वासनळी तोंडात अगदी पुढे, जिभेच्या मुळाशी उघडते. घाईत पाणी फुफ्फुसात जातं आणि दोन दिवसांनी आपण म्हणतो, काय झालं कळलंच नाही.

आता काच. ती पेटी माळ्यावर टाका. उभी जाळीची चौकट हवी, निदान दोन फूट रुंद, चार फूट उंच. सुताराकडून लाकडी फ्रेम करून मच्छरजाळी ठोकली तरी चालेल. आत आडव्यातिडव्या फांद्या, जास्वंदीची कुंडी, मनी प्लांट. नर्सरीतून आणलेलं झाड दोन-तीनदा धुऊन घ्या, फवारलेलं असतं, आणि हे महाशय पानंही खातात. कुंडीच्या मातीवर मोठे गोटे ठेवा.

फोटोवरून : उंच टोप, अंगावरचे पट्टे, हा येमेनी शॅमेलिऑन. मूळचा येमेन आणि सौदीच्या नैऋत्य भागातला. नराच्या मागच्या टाचेला जन्मापासून छोटा काटा असतो. तुमच्या फोटोत काटा दिसत नाही. बाजीरावांची मस्तानी होण्याची तयारी ठेवा.

आणि आजच्या आज डॉक्टर. सरपटणारे प्राणी रोज बघणारा हवा, कुत्र्या-मांजरांचा नको. ठाण्यातल्या एकांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

घोयरा | २३ मे, दुपारी १:१०

आमच्याकडे आपल्या देशी सरडगुहिऱ्याला घोयरा म्हणतात, म्हणून हा आयडी. लहानपणी गावात दिसला की पोरं दगड घेऊन धावायची. चावला तर माणूस मरतो अशी समजूत. यांना विष नसतं, कुठल्याच शॅमेलिऑनला नसतं. बिचारा तोंड वासतो, फुगतो, काळा पडतो. सगळं नाटक, पळता येत नाही म्हणून.

अवांतर : देशी सरडगुहिरा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. तो "वाचवला" म्हणून घरी ठेवता येत नाही, वनखात्याकडेच द्यावा लागतो. परदेशी शॅमेलिऑनांपैकी हा सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये येतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आलेत आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. ताई, पंचनाम्याची प्रत नीट जपून ठेवा.

पाऊसवेडी | २३ मे, दुपारी ३:३०

भाबडी शंका : हिरव्या पानांत हिरवा, तपकिरी फांदीवर तपकिरी, असा आजूबाजूला बघून रंग बदलतो ना? मग कचऱ्यापाशी हिरवा कसा?

घोयरा | २३ मे, दुपारी ४:०२

शाळेतला गैरसमज. रंग बदलतो तो मुख्यतः मनःस्थिती, तापमान आणि समोरचा नर-मादी यावरून. गारठला की गडद होतो, ऊन जास्त शोषायला. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ साली मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं की त्वचेतल्या पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर वाढलं-घटलं की परावर्तित रंग बदलतो. पक्षांतर करणाऱ्यांशी तुलना म्हणजे सरड्यावर अन्याय आहे.

खाडीकाठची | २४ मे, रात्री १०:१५

आज ठाण्याला जाऊन आलो. (परवा आधी इथल्याच एका दवाखान्यात नेलं होतं. तिथे न तपासता "ताकदीचं इंजेक्शन" सुचवलं. मी नको म्हणून निघाले. बरं केलं असं आजच्या डॉक्टरांनी सांगितलं.)

एक्स-रे काढला. हाडं पातळ, पुढच्या पायात एक जुनं फ्रॅक्चर, वाकडंच जुळलेलं. कॅल्शियमची कमतरता, जीवनसत्त्व ड३ नाही, कारण योग्य प्रकाशच (यूव्ही, म्हणजे अतिनील) कधी मिळाला नाही. जिभेचं लोंबणं हेही त्यातलंच : स्नायूला आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं. शरीराच्या दीडपट लांब जाणारी जीभ दोन बोटांवर आली ती त्यामुळे. डोळा जीवनसत्त्व अ कमी पडल्याने आणि जंतुसंसर्गाने. थेंब दिलेत, तोंडावाटे पातळ कॅल्शियम दिलंय, मोजून.

आणि पोटात अंडी आहेत. ढिगाने. एक्स-रेत द्राक्षाचा घोस दिसतो तसं.

बाजीरावाचं नाव बदलून हिरकणी ठेवलंय. कडा उतरायची हिंमत आहे बाईत. आई म्हणते, "बाळंतपण माझ्याकडेच आलं म्हणा."

तिखटमीठ | २४ मे, रात्री १०:४०

नर नव्हता ना सोबत? मग अंडी कशी?

आडवाट | २४ मे, रात्री ११:०५

कोंबडी घालते तशी. येमेनी मादी नराशिवायही अंडी घालते, फलित नसलेली. एका वेळी वीस ते साठ, कधी त्याहूनही जास्त. आणि ती किती होणार हे बऱ्याच अंशी तिला किती खाऊ घातलं आणि किती उबेत ठेवलं यावर ठरतं. भरपूर खाणं, भरपूर ऊब म्हणजे शरीराला वाटतं सुगी आलीय. म्हणून प्रौढ मादीला दर दिवसाआड तीन-चार किडे पुरतात आणि बसायच्या जागेचं तापमान २६-२७ अंशांच्या आसपास. लोक प्रेमाने रोज दहा-दहा घालतात आणि ती बिचारी अंडी घालून घालून पोकळ होते.

तुमच्या आईंना सांगा, हिच्या बाबतीत हात आखडणं हीच माया.

आता मेच्या उकाड्यात ऐरोलीत घरातच ३३-३४ असेल. मग ऊब देणारा बल्ब लावायचाच नाही. ३५ च्या वर गेली की तोंड उघडून बसेल. पंखा खोलीत फिरू दे, तिच्या अंगावर नको. कोविडच्या वेळी कपाळावर रोखायची ती बंदूक घरात असेल तर तापमान मोजायला वापरा, फक्त "सरफेस" मोडवर ठेवा, नाहीतर नुसतं "लो" दाखवत बसेल.

रात्री लाल बल्ब बंद. बारा तास पूर्ण अंधार.

जुगाडू | २५ मे, सकाळी ७:३०

यूव्हीच हवं ना? माझ्याकडे जुन्या वॉटर प्युरिफायरची यूव्ही ट्यूब पडलीय, ऐरोलीतच राहतो, नेऊन जा. शिवाय गच्चीची खिडकी असेल तर काचेतून ऊन येतंच की.

आडवाट | २५ मे, सकाळी ७:४४

जुगाडू, नको!! प्युरिफायरची ट्यूब यूव्हीसी असते, जंतू मारायची. प्राण्याचे डोळे आणि कातडी जाळेल, तुमचेही. नखांच्या पॉलिशचा दिवा, डास मारायचा निळा दिवा, काहीही नको. हवं ते यूव्हीबी, आणि ते खिडकीच्या काचेतून जवळपास येतच नाही. काचेआड दिवसभर उन्हात बसवलं तरी ड३ तयार होणार नाही, फक्त भाजून निघेल.

सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची लांब टी५ ट्यूब घ्या, पाच-सहा टक्के यूव्हीबीवाली. वरच्या जाळीवर ठेवा आणि बसायची फांदी ट्यूबपासून वीतभर खाली. प्रकाश दिसत राहिला तरी त्यातलं यूव्हीबी घटत जातं, वर्षाने बदलायची. बॉक्सवर तारीख लिहून ठेवा, नाहीतर विसरायला होतं, मी विसरलो होतो.

ट्यूब येईपर्यंत सकाळी आठच्या आसपासचं ऊन, पंधरा-वीस मिनिटं, गॅलरीत. कपडे ठेवायची जाळीची बास्केट उलटी घाला, अर्ध्या भागावर टॉवेल टाकून सावली करा, आणि तिथून हलू नका. आपल्याकडे कावळे आहेत.

जुगाडू | २५ मे, सकाळी ७:५०

बरं झालं विचारलं. ट्यूब भंगारात देतो.

खाडीकाठची | ३० मे, रात्री ९:२०

आठवड्याचा हिशेब. सलाईनच्या बाटलीखाली पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं ती चाटत होती. मी घड्याळ लावून बसले होते. चौथ्या दिवशी विष्ठेतला भाग पांढरा आला. घरात पेढे वाटायचे बाकी होते. ट्यूब आली, सुताराने चौकट दिली.

आता खाणं. जीभ अजून पोचत नाही, तर कसं भरवू? आणि काय? मीलवर्म घरात आहेत. जावेने स्वयंपाकघरातली झुरळं पकडून द्यायची तयारी दाखवली आहे, मनापासून.

आडवाट | ३० मे, रात्री १०:०५

जावेचे आभार, पण घरातलं झुरळ नको. पेस्ट कंट्रोलचं औषध त्याच्या पोटातून हिच्या पोटात. मोकळ्या मैदानातले नाकतोडेही नको, फवारणी आणि जंत.

मीलवर्म कधीतरी चणेफुटाण्यासारखे. मुख्य जेवण म्हणजे पाळलेले रातकिडे किंवा पाळीव झुरळं, ऑनलाइन मिळतात. रेशमाच्या अळ्या मिळाल्या तर उत्तम, मऊ असतात. ओला कचरा जिरवायला ज्या काळ्या माशीच्या अळ्या वापरतात, ब्लॅक सोल्जर, त्यांच्यात मुळात कॅल्शियम चांगलं असतं. बाकी बहुतेक किड्यांत फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा कितीतरी जास्त, आणि तेच हाडं पोखरतं.

म्हणून किड्याला आधी जेवू घाला. चोवीस तास आधी शेवग्याची पानं, गाजर, लाल भोपळा. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. भरवण्याआधी किडा पिशवीत घालून कॅल्शियम पावडरीत हलवा, पिठात घोळवलेल्या बोंबलासारखा. रोजची पावडर बिनड३ची. ड३ आणि जीवनसत्त्वांची पावडर महिन्यातून एक-दोनदा, आणि सध्या तर डॉक्टर म्हणतील तेव्हाच, कारण औषध चालू आहे. अ आणि ड३ जास्त झालं तरी विष. केमिस्टकडचे माणसांचे थेंब परस्पर घालू नका.

भरवायला : उभट, अपारदर्शक कप फांदीला बांधा, तिच्या तोंडापासून दोन-तीन इंचांवर, आत दोन किडे. जीभ न फेकता नुसतं तोंडाने उचलेल. आणि खोलीबाहेर जा.

शिस्तप्रिय | ३१ मे, सकाळी ११:२०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हाडं वाकलेली, डोळा गेल्यात जमा, पोटात अंडी. हा जीव सोडवणं अधिक दयाळूपणाचं नाही का? हौसेपोटी आपण त्याचे हाल लांबवतोय. आणि असे धागे वाचून उद्या चार जण नवे शॅमेलिऑन विकत आणतील.

घोयरा | ३१ मे, दुपारी १२:१०

दुसऱ्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. मुंबईत फ्लॅटमध्ये हा प्राणी पाळू नये असं माझं मत आहे, आणि धाग्यावरचा खर्च बघून कुणी आणेल असं वाटत नाही. पहिल्यावर निर्णय एक्स-रे बघणाऱ्याने घ्यावा. पाणी चाटतेय, फांदी धरतेय, डोळ्याने किडा टिपतेय. वाकलेली हाडं सरळ होत नाहीत, पण घट्ट होतात.

खाडीकाठची | ३१ मे, दुपारी २:००

शिस्तप्रिय, राग नाही. मी हाच प्रश्न डॉक्टरांना विचारला होता, पहिल्याच दिवशी. ते म्हणाले, अंडी घालू दे, मग बोलू. नाही घातली तर ऑपरेशन, आणि ते तिला झेपेल का याची खात्री नाही.

कालपासून ती जाळीच्या तळाशी उतरून कोपरे खरवडतेय.

आडवाट | ३१ मे, दुपारी २:०८

बाळंतपणाची खोली आजच तयार करा. खोल बादली, निदान फूटभर. त्यात आठ-नऊ इंच वाळू. बांधकामाची क्रश सँड नको, धारदार असते आणि बोगदा ढासळतो. खाडीची तर अजिबात नको, खारट. नदीची बारीक वाळू चाळून, धुऊन, थोडं कोकोपीट मिसळा. मुठीत दाबली की गोळा टिकला पाहिजे, पाणी गळता कामा नये. एक काठी तिरकी लावा उतरायला.

मग तिन्ही बाजूंनी चादर लावा. कुणी बघतंय असं वाटलं तर खोदणं सोडते, आणि सोडलेलं पुन्हा सुरू करेलच असं नाही. तुमच्या मुलीला आणि आईंना दोन दिवस माहेरी पाठवा. ह. घ्या, पण अर्धवटच घ्या.

पाऊसवेडी | २ जून, रात्री ११:३०

काय झालं? कुणीतरी कळवा हो.

फुकटचंबू | ३ जून, सकाळी ९:००

ऑफिसात मीटिंगमध्ये धागा रिफ्रेश करतोय. सरडीसाठी. बायकोला सांगितलं तर हसली.

खाडीकाठची | ३ जून, दुपारी ४:४५

घातली!!!

एकतीसच्या रात्री खोदायला लागली, एक तारखेला दिवसभर बादलीतून फक्त शेपटीचं टोक दिसत होतं. काल सकाळी बाहेर, पुन्हा आत, वाकड्या कोपरांनी वाळू मागे ढकलत होती. (हो, मी चादरीच्या फटीतून मोबाइल धरला होता. शिव्या घाला.) दुपारी मध्येच अर्धा तास नुसती पडून होती, तेव्हा डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबा, नाहीतर घेऊन निघा. ऐरोलीच्या पुलावरचा संध्याकाळचा ट्रॅफिक आठवून माझ्या पोटात गोळा. सात वाजता ती वर आली. पोट खपाटीला, रंग मातकट, आणि थेट सलाईनच्या बाटलीखाली जाऊन बसली.

चौतीस अंडी. दागिने तोलायच्या काट्यावर आधी १२१ ग्रॅम होती, आज ८४. एखादं अंडं आत राहिलं नाही ना ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उद्या एक्स-रेत बघायचंय.

आईने विचारलं, "आता तरी पोटभर देऊ का?" पुढचा आठवडाभर हो. आईने स्वतःच्या हाताने रातकिडे पावडरीत घोळवले. आयुष्यात पाल दिसली तरी किंचाळणारी बाई.

आडवाट | ३ जून, संध्याकाळी ५:१०

वा. शाबास हिरकणी.

पाऊस तोंडावर आलाय, म्हणून आत्ताच सांगतो. हवेत दमटपणा आपोआपच असेल, फवारा कमी करा, नाहीतर वाळत नाही, बुरशी येते आणि छातीत कफ धरतो. पानं दोन फवाऱ्यांच्या मध्ये कोरडी झाली पाहिजेत. नाक-तोंडापाशी बुडबुडे, मान वर करून श्वास, असं दिसलं की ठाणे. गॅलरीतलं ऊन विसरा, आता सगळा भार ट्यूबवर.

खाडीकाठची | २१ जून, रात्री १०:३०

एक्स-रे स्वच्छ. उजवा डोळा अर्धा उघडतोय, त्यातून दिसतं की नाही ते सांगता येत नाही, कारण ती डाव्यानेच काम भागवते. जबडा घट्ट झालाय असं डॉक्टर म्हणाले. कोपरं तशीच.

काल कप बांधायला विसरले होते. रातकिडा जाळीवर चढला, तिने फांदीवरून मान पुढे केली, आणि मी काही म्हणायच्या आत किडा गायब. चारेक इंच असेल. मुलगी ओरडली, आई देवघरातून धावत आली, हिरकणी आम्हा तिघींवर नाराज होऊन काळी पडली.

परिवेशवर अर्ज भरलाय. वनखात्याच्या त्याच दोघांपैकी एकांनी फोन करून चौकशी केली.

एक विनंती. आमच्या सोसायटीतला शेवगा पावसाआधीच्या छाटणीत पार बोडका केला. ऐरोली, रबाळे, घणसोली, कुठेही कुणाकडे शेवगा असेल तर आठवड्याला एक जुडी पानं हवीत. रस्त्याकडेचा नको, धूळ आणि फवारणी. मी येऊन घेऊन जाईन.

जुगाडू | २१ जून, रात्री १०:४१

सेक्टर आठ. बिनफवारणीचा आहे, सासूबाईंनी लावलेला. रविवारी या, बॅटरी-चाकू सगळं आहे, फांदीच तोडून देतो.